दाबाखाली हरपते चुंबकत्व, संपतो विद्युतरोध

विशेष प्रतिनिधी

शहापूर, मुरबाड तालुक्यांतील दुर्गम पाड्यांपर्यंत वीज नेताना तारांच्या रोधामुळे तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. रोधच नसलेल्या अतिसंवाहक तारा हे त्यावरचे स्वप्नवत उत्तर. सिरियम धातूच्या संयुगांमुळे या स्वप्नाची शक्यता आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

सिरियम आणि इंडियमच्या एका संयुगात उणे 263 अंश सेल्सिअसच्या खाली शेजारच्या अणूंची चुंबकत्वे परस्परविरुद्ध दिशांना वळतात. केंब्रिजच्या संशोधकांनी त्यावर वातावरणाच्या सुमारे 25 हजारपट दाब दिला, तेव्हा ही रचना मोडली आणि विद्युतरोध नाहीसा झाला. हे निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. भातसा धरण काठोकाठ भरले, तरी तळाशी पाण्याचा दाब वातावरणाच्या दहापटीहून कमीच असतो.

मात्र हे घडते ते निरपेक्ष शून्याच्या अगदी निकट. त्यामुळे पाड्यांवरील तारा इतक्यात बदलणार नाहीत. सामान्य तापमानातील अतिसंवाहकतेचा ‘एलके-99’चा दावा 2023 मध्ये काही आठवड्यांतच कोसळला. सिरियमचा निष्कर्ष मात्र इतर प्रयोगशाळांतही टिकला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही सिरियम संयुगांवर दीर्घकाळ काम झाले आहे. अशा संशोधनाचे मोल तात्काळ लाभावर ठरवणे म्हणूनच घातक ठरेल.