थंड इंजिनाचा खोटा दिलासा

गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा, हा आपल्याकडच्या अनेक गॅरेजांतला जुना तोडगा. तापमानाचा काटा खाली राहतो, मालक खूश होतो. पण बहुतेक इंजिनं साधारण ९० अंशांच्या आसपास चालण्यासाठीच घडवलेली असतात. त्याहून थंड राहिलं की गाडीचा संगणक इंजिन अजून गरम व्हायचंय असं समजून जास्त इंधन सोडत राहतो, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, गाळ साचतो, झीज वाढते. विदर्भातल्या उन्हाळ्याचं काय, असं कुणी विचारेल. पण थर्मोस्टॅट गरम झाल्यावर पूर्ण उघडतोच. उलट काही इंजिनांत तो काढल्यावर बायपास उघडा राहतो आणि काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून जातं. तापण्याचं खरं कारण, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा किंवा गळती, तसंच राहतं.

थर्मोस्टॅटच्या बिघाडाचं निदानही अवघड नाही. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा होज काही वेळ थंडच राहायला हवा. तो पहिल्या मिनिटापासून कोमट होऊ लागला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. मात्र होज ठीक असून काटाच खाली असेल, तर आधी सेन्सर तपासावा. नवा थर्मोस्टॅट बसवायचा खर्च वाचवणारा मालक तेच पैसे पेट्रोलपंपावर मोजतो.