फुलपुडीचा रतीब

पुण्याच्या जुन्या पेठांत जी थोडी दुकाने आज तीन-चार पिढ्या एकाच कुटुंबाच्या हाती आणि एकाच ओट्यावर चालत आलेली आहेत, त्यांत फुलाऱ्याच्या दुकानाचा मान मी सराफाच्या किंवा काष्ठौषधीवाल्याच्या दुकानाहून कमी मानीत नाही. कारण सराफाचा माल पिढ्या टिकतो, काष्ठौषधीवाल्याचा वर्ष-दोन वर्षे टिकतो, परंतु फुलाऱ्याचा सारा संचय दिवस मावळेपर्यंत विकला गेला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याची गणना निर्माल्यातही होत नाही, आणि अशा नाशिवंत जिन्नसावर ज्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या प्रपंच उभा केला त्याच्यापाशी फुलांखेरीज दुसरे काही टिकाऊ भांडवल असलेच पाहिजे.

या पेशाचे पुण्यातील कुळही मोठे आहे. सातारा जिल्ह्यातील कटगुणच्या गोऱ्हे कुटुंबातील माणसे पुण्यात येऊन पेशव्यांच्या वाड्यावर फुले आणि हार-गजरे पुरविण्याच्या कामी रुजू झाली, त्या चाकरीबद्दल त्यांना इनाम जमीन मिळाली, आणि त्या पेशावरूनच लोक त्यांना फुले म्हणू लागले; त्याच घरात १८२७ साली जोतीरावांचा जन्म झाला. शहरातील ज्या भव्य मंडईच्या बांधकामाच्या खर्चाला जोतीरावांनी नगरपालिकेचे सभासद या नात्याने विरोध केला होता, कारण तो पैसा शिक्षणाच्या कामी यावा असे त्यांचे मत होते, ती मंडई १८८६ साली उघडली आणि पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. तिच्या आसपासच्या गल्ल्यांतून पहाटेपासून सुई-दोरा घेऊन बसलेली माणसे पाहिली की त्या महापुरुषाच्या वाडवडिलांचे हातही याच कामात निष्णात होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माझ्या परिचयाच्या दुकानात आजी, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात अशी चार माणसे राबतात, आणि त्यांची कामे कोणी कागदावर लिहून न देताही पक्की मुक्रर आहेत. मुलगा पहाटे अंधारातच गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो. तेथे पुरंदर, दौंड, हवेली या तालुक्यांतून झेंडू, शेवंती, ॲस्टर आणि गुलछडी आलेली असते, आणि माल हातात घेऊन, पाकळी चिमटीत दाबून, पाण्याने जड केलेला झेंडू कोणता आणि दवाने भिजलेला कोणता हे त्याला दिव्याच्या उजेडात ठरवावे लागते. तो परतेपर्यंत सुनेने ओटा धुऊन केळीच्या सोपाचे दोरे भिजत घातलेले असतात. गुलछडीचे फूल देठाकडून लांब सुईत ओवायचे, मोगऱ्याच्या कळीला मात्र सुई लावायची नाही, तिला दोऱ्याच्या गाठीत धरायचे, म्हणजे गजरा केसांत गेल्यावर ती मोकळेपणी उमलते. वेणीची वीण निराळी, मुंडावळ्यांची निराळी, तोरणाची त्याहून निराळी. हे सारे शिक्षण त्या नातीने शाळेत जाण्यापूर्वीच आजीच्या मांडीशी बसून घेतलेले आहे, आणि अजूनही आजीने बांधलेली गाठ पाहून ती आपली गाठ सोडते व पुन्हा बांधते. मी अनेक कारागिरांची कामे जवळून पाहिली आहेत, पण ज्या वस्तूचे आयुष्य एका संध्याकाळचे आहे तिच्यासाठी इतका चोखंदळपणा फारच थोड्या ठिकाणी पाहिला.

परंतु हातांचे हे कसब म्हणजेच त्यांचे खरे भांडवल असे कोणी समजेल तर ते अपुरे आहे. त्या दुकानात पंचांगाला जेवढा मान आहे तेवढाच आकाशालाही आहे, आणि या दोहोंचे कधी पटते, कधी पटत नाही. आपले सण चंद्राच्या तिथीने येतात. फुले मात्र सूर्याच्या हुकमाने उमलतात. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे असल्यामुळे सण दरवर्षी मागे मागे सरकत जातात, आणि सुमारे तेहतीस महिन्यांनी अधिक मास येऊन त्यांना पुन्हा पुढे ढकलतो. २०२३ साली श्रावण अधिक आला तेव्हा दसरा २४ ऑक्टोबरला होता, आणि २०२५ साली तोच दसरा २ ऑक्टोबरला आला. पंचांग पाहणाऱ्याला दोन्ही दिवस आश्विन शुद्ध दशमीच. पण शेतातल्या झाडाला त्या बावीस दिवसांचा अर्थ कोणी निराळा समजावून सांगावा लागत नाही. शेवंती ही लहान दिवसांची वनस्पती आहे. रात्र ठराविक मर्यादेपलीकडे लांबल्याखेरीज ती कळी धरीत नाही, आणि म्हणूनच कळी लांबणीवर टाकायची असेल तर बागायतदार शेतात रात्री दिवे लावून तिला दिवस मोठा असल्याचे भासवितात. दसरा उशिरा आला म्हणजे शेवंती भरात असते आणि झेंडू कोरडा, ठसठशीत मिळतो. दसरा लवकर आला म्हणजे पावसाने पाय काढलेला नसतो, झेंडू शेतातच भिजून काळवंडतो, आणि यार्डात एका बाजूला चांगल्या मालाला भाव मागेल तो मिळतो तर दुसऱ्या बाजूला भिजलेल्या मालाचे ढीग शेतकरी रस्त्याच्या कडेला टाकून रिकाम्या गाडीने गावी परततो.

हे दुकान या दोन काळांच्या मधोमध उभे आहे. नवे पंचांग हाती आले की त्या घरची आजी चष्मा लावून आधी अधिक मास कोठे पडला आहे ते पाहते, मग गणेशचतुर्थी, घटस्थापना, दसरा आणि दिवाळी यांच्या इंग्रजी तारखा नातीकडून भिंतीवर लिहवून घेते, आणि ज्या दोन-तीन बागायतदार कुटुंबांशी तिच्या सासऱ्यांच्या वेळेपासून व्यवहार आहे त्यांना निरोप जातो, की दादा, यंदा दसरा लवकर आहे, लावण उरका. झेंडूचे रोप लावल्यापासून पहिला तोडा निघायला साधारण दोन महिने जातात. तेव्हा दसऱ्याच्या तोरणाचा निर्णय आषाढ-श्रावणात, भर पावसात, चिखलात उभे राहून घ्यावा लागतो. गिऱ्हाइकाला दुकानावर दिसते ते फूल. त्यामागची ही दूरवरची तजवीज त्याच्या गावीही नसते. या कामी लेखी करार नाही, हमीपत्र नाही, आणि तरीही मामूल बिनबोभाट चालत आलेला आहे.

भाद्रपदात या कुटुंबाची खरी कसोटी लागते. गणपतीच्या पूजेला एकवीस पत्री सांगितल्या आहेत आणि त्यांत माका आहे, डोरली आहे, आघाडा आहे, विष्णुक्रांता आहे, अर्जुनसादडा आहे, शमी आहे, मरवा आहे. एरवी गणपतीला वर्ज्य मानलेली तुळसदेखील त्या एका दिवशी त्या यादीत आहे. आज बाजारात पत्री म्हणून जी जुडी मिळते तिच्यात पुष्कळदा कुंपणालगत हाताला लागलेला कोणताही हिरवा पाला एकत्र बांधलेला असतो, आणि घेणाराला एकही पान ओळखता येत नसल्यामुळे देणाराचे फावते. या दुकानात आजी प्रत्येक पान निराळे ठेवते आणि मागितले तर नाव सांगून हातावर ठेवते. देवदार त्या यादीत असला तरी तो हिमालयातला वृक्ष, इकडच्या रानात तो कोठला! तेव्हा ती स्वच्छ सांगते, “देवदार नाही, एक कमी आहे, तेवढ्या अक्षता वाहा.” मला हा खरेपणा पूजेइतकाच पवित्र वाटतो. हाच प्रकार दसऱ्याला. आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या ओरबाडून आणून विकण्याचा जो रिवाज शहरात पडला आहे त्यात ती माणसे सामील झालेली नाहीत. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि खरखरीत, कांचनाचे मोठे आणि मऊ, हा भेद त्या घरातले शेंबडे पोरही जाणते. झाडाची फांदी मोडू द्यायची नाही, पाने खुडून घ्यायची, एवढ्या अटीवरच आणणाऱ्याकडून ती पाने घेतली जातात.

नवरात्रात नऊ दिवसांच्या नऊ माळा. अलीकडे कोणत्या दिवशी कोणत्या रंगाची माळ, याची टिपणे लोक मोबाईलवर घेऊन येतात, आणि ऋतू न पाहता लिहिलेल्या त्या टिपणांमुळे मोठी पंचाईत होते. मागे एका संध्याकाळी एक तरुण गृहिणी घाईघाईने आली आणि म्हणाली, “काकू, उद्याच्या माळेला अनंत हवा होता.” सून म्हणाली, “अनंत सरला हो ताई, तो पहिल्या पावसाचा. तगर घ्या, देवीला पांढरं चालतं. आणि घटाला कारळ्याची फुलं आलीत, ती बघा.” कारळ्याच्या पिवळ्या फुलांची माळ घटावर चढविण्याची आमच्या मुलखातली चाल ज्याने सुरू केली असेल त्याला मी मनोमन वंदन करतो, कारण घटात धान्य पेरावयाचे आणि त्यावर त्याच दिवसांत शेतात फुललेल्या गळिताच्या पिकाचे फूल वाहायचे, यात देवीला आपल्या चालू हंगामाचा हिशेबच सादर होतो. त्या स्त्रीने दोन्ही घेतली. दूरच्या गावाहून आणून अनंत तिच्या गळ्यात मारणे कठीण नव्हते, आणि त्यात नफाही अधिक होता.

मोगऱ्याविषयी थोडे लिहिल्यावाचून मला राहवत नाही. चैत्र-वैशाखात, ऊन जितके कडक तितका तो भरास येतो. पहाटे उन्हे चढण्यापूर्वी तोडलेली टपोरी, मिटलेली कळी दिवसभर ओल्या फडक्यात राहून संध्याकाळी उमलते, म्हणून गजऱ्याची खरी वेळ दिवेलागणीची. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापासून लग्नसराईपर्यंत त्या ओट्यावर दुसऱ्या कोणत्या गंधाची मात्रा चालत नाही. पण येथेही चंद्र आडवा येतो. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे आणि १७ मे ते १५ जून हा सारा काळ त्यात मोडतो; अधिक मासात मुहूर्त नाहीत, म्हणजे मोगरा शिगेला पोचलेला असताना वराच्या गळ्यात घालायला हार नको आणि वधूच्या वेणीला गजरा नको. याउलट थंडीत कळी दुर्मीळ होऊन तिचा भाव अनेक पटींनी चढतो, आणि नेमके तेव्हाच मुहूर्त असले म्हणजे लोक तिच्यासाठी हट्ट धरून बसतात. थंडीत शेवंतीची वेणी घालावी. ती दोन दिवस ताजी राहते आणि त्या दिवसांत तिच्याइतके देखणे दुसरे काही नसते.

डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन ही हरितगृहातली फुले या दुकानातही एका बादलीत उभी असतात. मावळातल्या तळेगाव दाभाड्याच्या बाजूला त्यांची मोठी लागवड आहे, तेथून फेब्रुवारीत गुलाब परदेशी रवाना होतात, आणि त्यावर कित्येक कुटुंबे उदरनिर्वाह करतात. तेव्हा त्यांची निंदा करणे मला उचित वाटत नाही. परकेपणाचा आक्षेप तर मुळीच घेता येत नाही, कारण ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही तो झेंडू आणि जिच्यावाचून हार होत नाही ती गुलछडी ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, समुद्र ओलांडून आलेली. माझी तक्रार वेगळी आहे. झेंडू येथे आला आणि येथल्या पावसाला, येथल्या थंडीला, येथल्या मातीला रुजू झाला. काचेआड किंवा प्लॅस्टिकच्या छपराखाली बारा महिने सारखेच उमलणारे फूल कोणत्याच ऋतूला रुजू होत नाही, आणि ते विकणाऱ्याला ऋतूचे काहीच माहीत असण्याची गरज उरत नाही. त्यापुढची पायरी कापडी-प्लॅस्टिकच्या हारांची. तेथे तर फूलही नाही आणि फुलारीही नाही. देवघरात एकच प्लॅस्टिकचा हार वर्षानुवर्षे धूळ खात लटकलेला पाहिला म्हणजे मला खेद होतो, आणि तो लपवावा असे मला वाटत नाही.

या साऱ्या कारभाराचा पाया मात्र सणांच्या गर्दीत नसून रोजच्या फुलपुडीत आहे. सण येतो तेव्हा रस्त्यावर चार दिवसांचे शेकडो विक्रेते उभे राहतात, भाव पडतो किंवा चढतो, आणि दुकानाला त्यात नफा होईल की तोटा हे कोणी सांगू शकत नाही. परंतु आसपासच्या वाड्यांत आणि आता वाडे पाडून उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत रोज सकाळी ज्या पुड्या जातात, त्यांचा महिन्याचा रतीब वहीत मांडलेला असतो आणि त्यावरच घरभाडे, वीज आणि मुलीचे शिक्षण निघते. पुडीत दोन जास्वंदी, चार तगरी, थोडी शेवंती, दूर्वांची एक जुडी, सोमवारी बेल, गुरुवारी पिवळे फूल, श्रावणात तेरडा, कधी एखादा सोनचाफा. ती पूर्वी पळसाच्या किंवा कर्दळीच्या पानात येई, मध्यंतरी पातळ पिशवीतून येऊ लागली, आणि २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी झाल्यावर या घराने पुन्हा पान आणि सुती दोरा धरला. अशी गिऱ्हाइके आता कमी होत आहेत. कित्येक घरांत सकाळी दार उघडायला माणूस नसतो, कित्येकांना फुले फोनवर मागवणे सोयीचे वाटते, आणि नव्या पिढीत पूजा रोज होतेच असे नाही. पण पूजा नसली तरी टेबलावरच्या वाटीत पाण्यात चार फुले ठेवायला कोणाची आडकाठी आहे?

म्हणून वाचकांना माझी विनंती अशी, की घरी फुलपुडीचा रतीब चालू असेल तर काटकसरीच्या नावाखाली तो बंद करू नये, नसेल तर आपल्या गल्लीतल्या अशा एखाद्या दुकानात तो घालावा, पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेस चुकते करावेत, आणि पुडीत कोणत्या दिवशी कोणते फूल असावे ते मात्र सर्वस्वी दुकानदारावर सोपवावे.