निलंग्याचें मत कोणाच्या घरचें?

निवडणुका झाल्या कीं पुण्यामुंबईच्या शहाण्यांस मराठवाड्यांतील खेडवळ मतदाराविषयीं एक सिद्धांत सुचतो. निलंग्याचा माणूस जात पाहतो, पैसा पाहतो, वाडा पाहतो आणि बटण दाबतो, असा तो सिद्धांत. आमचें म्हणणें असें कीं, हे शहाणे जेवणाराचें तोंड तेवढें पाहतात. त्याच्यापुढें ताटांत काय वाढलें होतें तें पाहत नाहींत.

तें ताट आम्ही दाखवितों. शिवाजीराव पाटील निलंगेकर १९६२ सालीं काँग्रेसतर्फें विधानसभेंत गेले आणि जून १९८५ पासून मार्च १९८६ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. निजामाच्या मुलखांत जन्मलेला माणूस त्या खुर्चीवर बसला याचा आनंद बहुजनसमाजांतील पुष्कळांस झाला, आणि तो आनंद खोटा नव्हता. पण पुढें काय झालें? २००४ सालीं त्यांच्या सूनबाई रूपाताई यांनीं भाजपतर्फें लातूरच्या लोकसभेच्या जागेवर शिवराज पाटील चाकूरकरांसारख्या मातब्बरास पाडलें. त्याच वर्षीं विधानसभेस आजोबा काँग्रेसकडून आणि नातू संभाजीराव भाजपकडून उभे राहिले; नातू जिंकला. २००९ सालीं आजोबांनीं परतफेड केली. २०१४ व २०१९ सालीं संभाजीराव आणि त्यांचे चुलते अशोकराव समोरासमोर. दोन्ही वेळां पुतण्याची सरशी. चार निवडणुका, आणि मुख्य सामना एकाच घराच्या ओसरीवर! वर्तमानपत्रांनीं याला चुरस म्हटलें. आम्ही याला भाऊबंदकी म्हणतों. शेतकऱ्याची भाऊबंदकी बांधावरून कोर्टांत जाते, ही मतपेटींत गेली, एवढाच फरक.

दुकानांत एकाच ठाणाचें कापड ठेवावयाचें आणि गिऱ्हाइकास हाच रंग आवडतो म्हणून सांगावयाचें, तसा हा प्रकार आहे. तिकीट कोणास द्यावयाचें हें निलंग्याच्या बाजारांत ठरत नाहीं. तें मुंबई-दिल्लीस ठरतें. ब्राह्मणांची मक्तेदारी मोडली म्हणून तिच्या जागीं चार पाटलांची मक्तेदारी बसली, तर ती बहुजनसमाजाची सत्ता झाली असें आम्ही तरी मानणार नाहीं. बहुजनसमाज म्हणजे केवळ गढीवाला मराठा नव्हे. त्यांत लिंगायत आहे, धनगर आहे, मातंग आहे, बौद्ध आहे, आणि वाड्याशीं सोयरीक नसलेला गरीब मराठाही आहे.

मत ही वस्तु या मुलखांत फार जुनी नाहीं. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाचें राज्य संपलें आणि १९५२ सालीं सालगड्यानें, मजुरणीनें पहिल्यानें मत टाकलें. मालकाच्या ओट्यावर ज्यास बसूं देत नसत, त्याचें मत मालकाच्या मताइतकेंच मोजलें गेलें.

तें मत अजून कोणाच्या दावणीस पक्कें बांधलेलें नाहीं, हें २०२४ सालानें दाखविलें. लातूरची लोकसभेची जागा २००९ पासून अनुसूचित जातींसाठीं राखीव आहे. दहा वर्षें भाजपकडे असलेली ती जागा काँग्रेसच्या शिवाजी काळगे यांनीं साठ हजारांहून अधिक मतांनीं घेतली. सहा महिने जातात न जातात तों नोव्हेंबरांत विधानसभा झाली आणि जिल्ह्यांतील सहांपैकीं पांच जागा महायुतीकडे गेल्या. निलंग्यांत काँग्रेसनें अभय साळुंके यांस उभें केलें, म्हणजे वाड्याबाहेरचा माणूस समोर आला. तरी संभाजीरावच निवडून आले.

शहाणे लागलीच म्हणाले, लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये पाहून मत विकलें गेलें. हें बोलणें आम्हांस उद्दामपणाचें वाटतें. ज्या बाईच्या हातीं स्वतःच्या नांवाचा पैसा कधीं आला नाहीं, तिच्या खात्यांत तो थेट आला. तिनें तो हिशेबांत धरला तर ती लोभी, आणि कारखानदार सवलत मागतो तें मात्र धोरण! हा कोठचा न्याय?

मात्र त्याच बाईस दुसराही हिशेब कोणी तरी सांगावयास हवा होता. त्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यांत माल त्याखालीं विकला जात होता. क्विंटलामागें पांचशें रुपयांची तूट धरली तरी दहा क्विंटलांवर पांच हजार गेले. बहिणीस तीन महिन्यांत जें मिळालें त्याहून अधिक भावाच्या मापांतून गळालें. हें सांगण्याचें काम विरोधकांचें होतें. पण भाडोत्री गाड्यांतून गांवोगांव धुरळा उडविण्यापलीकडे त्यांतील कितीजण आडत्याच्या काट्यापाशीं जाऊन उभे राहिले?

आमची मागणी लहानशी आहे. निलंगा, देवणी व शिरूर अनंतपाळ या तिन्ही तालुक्यांत प्रत्येक पक्षानें उमेदवार ठरविण्यापूर्वीं उघडी सभा भरवावी. पुढील यादी निघेल तेव्हां तिच्यासाठीं किती सालगड्यांस, किती मजुरणींस विचारलें, हें त्या त्या पक्षाच्या तालुकाध्यक्षानें बाजाराच्या दिवशीं चावडीवर येऊन सांगावें.