कुलपाआडची यंत्रे

दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडे अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्प दिसतो. प्रकल्प गुहागर तालुक्यात, नाव मात्र दापोली तालुक्यातल्या दाभोळचे. ज्या नावाने एके काळी जगभरचे मथळे सजले, त्या गावाच्या वाट्याला खरे म्हणजे नुसते नावच आले. २००३ पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाल्याने पलीकडे जाणे सोपे झाले आहे. बोटीत नवखा प्रवासी 'ते काय आहे हो?' म्हणून विचारतो आणि कुणीतरी अजूनही 'एन्रॉन' एवढेच सांगतो. कंपनी बुडून दोन तपे होऊन गेली, तरी नाव बुडायला तयार नाही.

एन्रॉनवर आपल्याकडे पुष्कळ लेखण्या झिजल्या. विजेचा दर, करार, सत्तांतर, नाफ्था या सगळ्यांवर लिहून झाले. मी त्यात भर घालणार नाही. मला प्रश्न पडतो तो निराळाच. २००१ च्या मे महिन्याच्या अखेरीस तो प्रकल्प बंद झाला आणि पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. मधली पाच वर्षे, पाच कोकणी पावसाळे, आतली यंत्रे काय करत होती?

हा प्रश्न मला पडण्याचे कारण एक बर्फाचा कारखाना आहे.

नव्वदच्या दशकात मी याच किनाऱ्यावरच्या एका बँक शाखेत अधिकारी होतो. मच्छीमारीचा पट्टा, तेव्हा बर्फाच्या कारखान्यांची कर्जे आमच्याकडे असत. अशाच एका कारखान्यात जुना अमोनिया कॉम्प्रेसर होता आणि तो चालवणारे, सगळे ज्यांना चाचा म्हणत असे एक गृहस्थ होते. शिक्षण चौथी. स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, अशी त्यांची रोजची सकाळ. १९९७ च्या पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या असताना, मी पाहणीला गेलो तर मला म्हणाले, "साहेब, हा आवाज मागच्या महिन्यात नव्हता. आता काम बंदच आहे, खोलून घेऊया."

मालकाने ओव्हरहॉलसाठी ६० हजारांची मागणी अर्जात घातली होती. कर्जाच्या प्रस्तावात 'दुरुस्ती व देखभाल' नावाची एक ओळ असते. बँकेतल्या माणसाची लाल पेन्सिल पहिल्यांदा तिथेच जाते, कारण त्या ओळीतून कापलेला रुपया त्या वर्षी कुठेच दुखत नाही. मीही विचारले, "चालतंय ना सध्या?" मालक म्हणाला, "चालतंय." मी ओळ कापली.

ऐन हंगामात बेअरिंग गेले आणि जाताना क्रँकशाफ्टही घेऊन गेले. दाभोळच्या होड्या बर्फासाठी हर्णैकडे वळल्या, त्या परत आल्या नाहीत. कर्ज थकले. पुढे दावा झाला, हुकूम झाला, आणि एक दिवस मीच पंचांसमोर त्या कारखान्याला कुलूप लावले. दारावर रखवालदार नेमला, त्याचा पगार खर्ची टाकला.

आठवडाभराने चाचा शाखेत आले. त्यांना नोकरी नको होती. "आठवड्यातून दोन तास आत जाऊ द्या. मोटर हाताने फिरवून ठेवतो, तेल मारतो. नाहीतर उद्या घेणाऱ्याला काय द्याल?" मी त्यांना नियमात बसत नाही असे सांगितले. कुठल्या नियमात, ते त्यांनी विचारले नाही आणि मीही पाहिले नाही. दोन वर्षांनी लिलाव झाला तेव्हा मोटरचे वाइंडिंग ओल धरून गेले होते आणि कॉम्प्रेसरचे चाक दोन माणसांना हलेना. तो किलोच्या भावाने गेला. रखवालदाराने मात्र चोख राखण केली होती, एक बोल्टही चोरीला गेला नव्हता.

निवृत्तीनंतर कादंबरीच्या निमित्ताने मी यंत्रांच्या देखभालीवर वाचू लागलो, आणि चाचांची ती पद्धत अडाणी नव्हती हे कळून चुकले. देखभालीच्या ढोबळ तीन तऱ्हा. मोडले की दुरुस्त करायचे, ही पहिली. पंचांग लावून ठरल्या दिवशी खोलायचे, ही दुसरी. यंत्राची तब्येत सतत पाहत राहून, लक्षण दिसले की हात घालायचा, ही तिसरी. पहिली आळशाची आणि दुसरी शहाण्याची, असे कुणालाही वाटेल. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या विमानांच्या बिघाडांचा हिशेब मांडला, तेव्हा भलतेच निघाले. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर तपासणी होई, आणि बिघाड कमी होण्याऐवजी तपासणीनंतर लगेच वाढत. धडधाकट जोडणी उगाच खोलली की चूक आत शिरते. पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी दाखवून दिले की विमानाच्या भागांपैकी जेमतेम ११ टक्के भाग वय झाले म्हणून झिजून बिघडतात. बाकीच्यांना पंचांग लागू नाही. त्यांच्याकडे कान द्यावा लागतो. आज मोठ्या कारखान्यांत कंपन मोजणारी उपकरणे बसवतात, तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. स्क्रूड्रायव्हरचेच हे श्रीमंत भाऊबंद.

आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रे पुसून, झेंडूची माळ घालून पूजा होते. ते मला मनापासून आवडते. वर्षातून एकदा तरी यंत्राच्या पाठीमागचा कोपरा कुणीतरी पाहतो.

पण या तिन्ही तऱ्हा झाल्या चालत्या यंत्राच्या. बंद यंत्राला देखभाल कसली, असे आपण धरून चालतो, आणि नेमके तिथेच घर बुडते. वीज प्रकल्पातल्या गॅस टर्बाइनचा फिरता भाग अनेक टनांचा असतो. तो एकाच स्थितीत पडून राहिला तर स्वतःच्याच वजनाने किंचित वाकू शकतो, म्हणून अधूनमधून सावकाश फिरवावा लागतो. बॉयलरच्या नळ्या कोरड्या करून त्यांत नायट्रोजन भरून ठेवतात. बंदिस्त हवेतला दमटपणा ४० टक्क्यांच्या खाली राखला तर गंज फारसा चढत नाही. आता जुलैतले दाभोळ डोळ्यांसमोर आणा, जिथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. तिथे ही कोरडी हवा राखायची तर माणसे हवीत, वीज हवी, आणि दरमहा पैसा हवा. बंद कारखान्यावर दरमहा खर्च!

प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याचे ७४० मेगावॉट १९९९ पासून चालले होते. दुसरा टप्पा पुरा व्हायच्या बेतात असतानाच थांबला. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉनने दिवाळे काढले. इथे आपल्या बड्या वित्तसंस्थांचे पैसे अडकले होते आणि मालकीचा तंटा चालू होता. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी राहिली आणि २००६ मध्ये यंत्रे पुन्हा फिरली. त्यानंतरच्या काळात टर्बाइनांत बिघाड निघाले, संच दुरुस्तीसाठी बंद ठेवावे लागले. ते सगळे पडून राहिल्यामुळेच झाले असे म्हणण्याइतका मी इंजिनीअर नाही. पण पाच वर्षांत तंटा करणाऱ्यांनी वकिलांवर जेवढा विचार केला, त्याच्या शतांश तरी त्या शाफ्टवर केला असेल का, ही शंका एका जुन्या बँकवाल्याला येणारच. पुढे वायू आटल्याने २०१३ मध्ये प्रकल्प पुन्हा थांबला आणि २०१५ च्या अखेरीस रेल्वेसाठी अंशतः सुरू झाला, म्हणजे प्रश्न एकदाच आला असेही नाही.

२००२ च्या सरफेसी कायद्याखालचे नियम सांगतात की जप्त केलेल्या मालमत्तेची काळजी बँकेच्या अधिकाऱ्याने एखादा साधा शहाणा मालक घेईल तशी घ्यावी. नियम चांगला आहे. व्यवहारात आपण त्याचा अर्थ कुलूप, रखवालदार आणि विमा असा करतो. माझे म्हणणे असे, की कारखान्याला सील लावताना रखवालदाराच्या पगाराशेजारी जुन्या ऑपरेटरचाही पगार खर्ची पडला पाहिजे, आणि कुठले यंत्र किती दिवसांनी फिरवायचे याचा कागद पंचनाम्याला जोडला पाहिजे. खर्च लिलावाच्या रकमेतून आधी वळता करा. धनको ओरडतील, ओरडू द्या. भंगाराचा भाव हातात पडल्यावर ते याहून मोठ्याने ओरडतात, हे मी टेबलाच्या त्याच बाजूला बसून ऐकले आहे. आणि प्रस्तावातली ती ओळ कापायची असेल, तर कापणाऱ्याने आधी यंत्रघरात जाऊन चालवणाऱ्याचे म्हणणे ऐकावे आणि ते फाइलवर त्याच्याच शब्दांत लिहावे.

मागच्या वर्षी दाभोळला गेलो होतो. बर्फाच्या कारखान्याच्या जागी आता जाळी वाळत घालतात. चाचा वारले, असे त्यांच्या मुलाकडून समजले. तो मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात एसी प्लँटवर कामाला आहे आणि ईदसाठी घरी आला होता. मी ओळख सांगितली. तो म्हणाला, "हो, अब्बांकडून ऐकलंय. तुम्ही कुलूपवाले साहेब."