कोळ्यांचे कुलवृत्त आणि नावांचा विवेक

घराच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर किंवा बागेतील पानावर एक लहानसा कोळी जाळे न विणता हिंडत असतो. बोट जवळ नेले की तो वळून पाहतो आणि दुसऱ्या क्षणी झेप घेऊन दिसेनासा होतो. पुढच्या बाजूच्या दोन मोठ्या डोळ्यांमुळे तो सहज ओळखू येतो. त्यास आपण उडी मारणारा कोळी म्हणतो. शास्त्रात त्याच्या कुलास साल्टिसिडी असे नाव आहे. कोळ्यांच्या सर्व कुलांत हे सर्वांत मोठे असून त्यातील ६,००० हून अधिक जातींची आजवर नोंद झाली आहे. एवढ्या मोठ्या परिवाराची वाटणी कशी करावी, हे शास्त्रज्ञांनी ठरवावयाचे. परंतु त्या वाटणीतील गट मराठीत कोणत्या नावांनी ओळखावेत, या प्रश्नाचे उत्तर भाषांतरकारास द्यावे लागते. शाळेच्या पुस्तकात छापलेले नाव मुलाच्या मनात त्या प्राण्याचे नाते ठरवून टाकते. म्हणून या बाबतीत हलगर्जीपणा क्षम्य नाही, असे मला वाटते.

प्रथम वाटणीचा इतिहास पाहू. स्वीडनच्या कार्ल क्लेर्क याने १७५७ साली आपल्या देशातील कोळ्यांचे वर्णन करताना दोन शब्दांची नावे वापरली. प्राण्यांच्या नावांची अधिकृत गणना लिनीअसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून होते. तथापि क्लेर्कचा ग्रंथ आधीचा असूनही त्यातील कोळ्यांची नावे नियमाने ग्राह्य मानली आहेत. युरोपात भिंतींवर आढळणारा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा साल्टिकस सीनिकस हा त्यांपैकीच एक. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच संशोधक यूजेन सिमों याने या कुलाचे तीन मोठे भाग पाडले. त्याची कसोटी होती जबड्यावरील दात : कोणाला एका काठावर अनेक दात, कोणाला एकच, तर कोणाला दुभंगलेला. ही कसोटी सोयीची होती. भिंगाखाली नमुना धरावा, दात पाहावेत आणि योग्य कप्प्यात ठेवून द्यावा.

परंतु सोय म्हणजे सत्य नव्हे. अवयवांचा अधिक बारकाईने अभ्यास झाला आणि पुढे आनुवंशिक द्रव्याची तुलनाही होऊ लागली, तेव्हा दातांची ठेवण निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा बदलत गेली आहे, असे दिसून आले. २०१५ साली वेन मॅडिसन यांनी या कुलाची नवी मांडणी प्रसिद्ध केली. तीत सात उपकुले आहेत. त्यांपैकी साल्टिसिनी या एकाच उपकुलात नव्वद टक्क्यांहून अधिक जाती येतात. या उपकुलाच्या पुन्हा दोन मोठ्या शाखा होतात : अमिकॉइडा व साल्टिकॉइडा.

मराठी वाचकास याचे मर्म समजावयास कुलवृत्तान्ताचा दाखला पुरेसा आहे. आपल्याकडे कुलकर्णी, देशपांडे, जोशी ही आडनावे वृत्तीवरून पडली. दोन गावचे दोन कुलकर्णी एकाच मूळपुरुषाचे वंशज असतीलच असे नाही. किंबहुना पुष्कळदा नसतातच. आडनाव सारखे म्हणून त्यांना एका वंशावळीत बसविणारा कुलवृत्तान्तकार हास्यास्पद ठरेल. कोळ्यांतही नेमके हेच घडते. मुंगीसारखे सोंग घेणारे कोळी या कुलात अनेक आहेत. आपल्याकडे आढळणारा मिर्मॅरॅक्नी आणि अमेरिकेतील सायनेमोसायना हे दोघेही सडपातळ, कमरेशी आवळलेले, मुंगीच्या चालीने चालणारे. परंतु पहिला साल्टिकॉइडा शाखेतला, तर दुसरा अमिकॉइडा शाखेतला. म्हणजे सोंग एक, घराणी दोन. म्हणून ‘मुंगी-कोळी’ हे वर्णन म्हणून खुशाल वापरावे, मात्र गटाचे नाव म्हणून त्याचा वापर करू नये.

येथे कोणी म्हणेल, मुलांच्या जिभेला लॅटिन नावे जड जातात. सर्व नावांचे सरळ मराठीकरण का करू नये? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु शास्त्रीय नाव हे बहुधा वर्णन नसून खूण असते. अमेरिकेच्या जॉर्ज व एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्याने १८९६ साली काही वंशांना किपलिंगच्या जंगलकथांतील पात्रांची नावे दिली. त्यामुळे बघीरा आणि अकेला ही आपल्या कानांना ओळखीची नावे धारण करणारे कोळी मध्य अमेरिकेत नांदत आहेत. बघीरा किपलिंगी हा तर मुख्यतः बाभळीच्या जातीच्या झाडांवरील कोवळे अंश खाऊन राहणारा म्हणून प्रसिद्ध झाला. नावाचा अर्थ लावून त्याचे भाषांतर करू लागलो, तर बिबळ्याचे नाव असलेला शाकाहारी कोळी हाती येतो! त्यापेक्षा नाव आहे तसे देवनागरीत लिहावे, हे उत्तम.

देवनागरीत लिहितानाही एक अडचण आहे. लॅटिनमध्ये शब्दाचा शेवट पाहून पायरी कळते. कुल साल्टिसिडी, उपकुल साल्टिसिनी, शाखा साल्टिकॉइडा, त्याखालील जमात आणि शेवटी वंश साल्टिकस, अशी एकाच मूळ शब्दापासून ही उतरंड तयार झाली आहे. परंतु उपकुलाचा शेवट आणि जमातीचा शेवट हे रोमन लिपीत भिन्न असले, तरी आपल्या लिपीत दोन्ही ‘इनी’ असेच उतरतात. परिणामी साल्टिसिनी हे एकच मराठी रूप कधी हजारो जातींच्या उपकुलाचे, तर कधी त्यातील एका लहान जमातीचे वाचक ठरते. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, नावापूर्वी पायरीचा शब्द लिहिल्याशिवाय गटाचे नाव छापूच नये.

दुसरे सांगणे ‘प्रजाती’ या शब्दाविषयी. मराठीत जातीच्या वरच्या पायरीस ‘प्रजाती’ किंवा ‘वंश’ म्हणण्याचा प्रघात आहे. हिंदीत मात्र ‘प्रजाति’ म्हणजे प्रत्यक्ष जातच, आणि अलीकडे मराठी वृत्तपत्रांनीही तोच अर्थ उचलला आहे. इंदूरच्या किंवा हैदराबादच्या ग्रंथालयात बसलेला विद्यार्थी एकाच दिवशी दोन्ही भाषांतील पुस्तके वाचतो. त्याने कोणता अर्थ धरावा? वंश व जाती हे दोन शब्द निःसंदिग्ध आहेत. अखिल भारतीय मालिकेने तेवढेच वापरावेत आणि ‘प्रजाती’ला सन्मानाने निरोप द्यावा.

तिसरे असे की, घरगुती नावांना आडकाठी नसावी. भिंतीवरील कोळ्यास प्रांतोप्रांती जे म्हणत असतील ते मुलांनी म्हणावे. शास्त्रीय नाव त्याच्या शेजारी असले म्हणजे झाले.

नाव राखण्यात काय राखले जाते, याचे एक उदाहरण पाहा. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात हौतात्म्य पत्करलेले पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ २०२१ साली महाराष्ट्रातील एका उडी मारणाऱ्या कोळ्यास आयसियस तुकारामी हे नाव देण्यात आले. यातील ‘तुकारामी’ म्हणजे लॅटिन व्याकरणाप्रमाणे ‘तुकारामाचा’. पुढे मांडणी बदलली आणि ही जात दुसऱ्या वंशात गेली, तर पहिला शब्द बदलेल. दुसरा सामान्यतः तसाच राहील. वंशावळ सुधारत जावी आणि स्मृती मात्र टिकावी, अशी ही व्यवस्था आहे. भाषांतरकाराने या व्यवस्थेच्या आड येऊ नये.