पेनड्राइव्हला बंदी नको, समज हवी

इंदापूर तालुक्यातील एका शाळेत संगणक कक्षाच्या दारावर पाटी आहे : 'पेनड्राइव्ह आणण्यास सक्त मनाई.' ही पाटी एका प्रसंगानंतर लागली. नववीच्या मुलांनी हिवाळाभर भिगवणच्या पाणथळीवर जाऊन रोहित पक्ष्यांची मोजदाद केली होती. बारामतीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तो तक्ता त्यांनी संगणकावरून 'कट' करून पेनड्राइव्हवर 'पेस्ट' केला, पडद्यावरची पट्टी पूर्ण भरलेली पाहिली आणि पेनड्राइव्ह उपसून काढला. बारामतीत फाइल उघडेना. शाळेतील संगणकावरून तर ती केव्हाच पुसली गेली होती. तीन महिन्यांची मेहनत वाया गेली!

शिक्षकांचा संताप समजण्यासारखा आहे. पण बंदी हा त्यावरचा उपाय आहे काय? आमच्या मते नाही. चूक अज्ञानाची होती आणि अज्ञानावर औषध एकच, ते म्हणजे ज्ञान.

पेनड्राइव्ह खोचल्यावर काय घडते ते पाहू. यूएसबी 2 पद्धतीच्या पेनड्राइव्हच्या तोंडात चार पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन लांब, मधल्या दोन आखूड. म्हणजे आधी वीज मिळते, मग माहितीच्या तारा जुळतात. पेनड्राइव्हमधील दीड हजार ओहमचा रोध त्यांपैकी एका तारेचे विभव सुमारे 3.3 व्होल्टपर्यंत उचलतो आणि संगणकाला कळते की कोणीतरी आले आहे. संगणक पाहुण्याला 1 ते 127 मधील एक क्रमांक देतो आणि विचारतो, 'आपण कोण?' उत्तर येते, 'मी साठवणीचे उपकरण.' ही यूएसबी पद्धत 1996 साली आली. ती घडवण्यात बडोद्यात शिकलेले अभियंते अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता.

ही झाली नुसती ओळख. यानंतर संगणकातील कार्यप्रणाली पेनड्राइव्हवरील माहितीची मांडणी तपासते आणि तो आपल्या फाइलींच्या पसाऱ्याला जोडून घेते. विंडोज त्याला ई, एफ असे एखादे अक्षर देते, तर लिनक्स एका फोल्डरमध्ये त्याला जागा देते. या जोडणीला 'माउंट' करणे म्हणतात.

आता त्या मुलांची चूक कोठे झाली? तुमच्यापैकी अनेकांच्या शेताला नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळते. पाटकऱ्याने वरचे दार बंद केले तरी चारीतले पाणी पुढे वाहतच असते. शेवटच्या शेतकऱ्याचे भिजणे अजून व्हायचे असते. संगणकाचेही तसेच आहे. पेनड्राइव्हवर लिहिण्याचा वेग कमी, म्हणून प्रणाली माहिती आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत घेते, 'काम झाले' असे दाखवते आणि मागाहून सावकाश लिहीत राहते. 'इजेक्ट' म्हटले की उरलेली माहिती लिहून होते आणि मगच जोडणी सुटते. विंडोज 10 ने 2018 पासून ही उधारी पुष्कळ कमी केली आहे, पण लिनक्सवर ती आजही चालते. शाळेतील तो संगणक लिनक्सचाच होता.

'पण व्हायरसचे काय?' असे शिक्षक विचारतील. प्रश्न रास्त आहे. 2008 साली निघालेला कॉनफिकर पेनड्राइव्हमधूनही पसरला, कारण तेव्हाची विंडोज पाहुण्याने आणलेला प्रोग्राम आपण होऊन चालवू पाहत असे. 2009 च्या विंडोज 7 मध्ये पेनड्राइव्हपुरती ही सवय बंद झाली. पाहुण्याला ओसरीवर बसवणे वेगळे आणि तिजोरीची किल्ली देणे वेगळे! तरीही धोका संपलेला नाही. एखादे उपकरण 'मी कीबोर्ड आहे' असे खोटेही सांगू शकते, आणि संगणक त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून रस्त्यात सापडलेला पेनड्राइव्ह कधीच लावू नये.

निकालपत्रके असलेल्या कार्यालयीन संगणकावर बंदी असावी, हे आम्हाला मान्य आहे. पण संगणक कक्ष ही प्रयोगशाळा आहे. आम्ल अंगावर सांडते म्हणून आपण रसायनशास्त्राचे प्रयोग बंद करतो का? शिक्षकांनी सी-डॅकच्या 'बॉस'सारखी लिनक्स प्रणाली घेऊन पेनड्राइव्ह लावावा आणि प्रणालीने ठेवलेली त्या संभाषणाची नोंद मुलांना पडद्यावर दाखवावी. एका तासिकेचे काम आहे.

मग दारावरची पाटी बदलावी आणि तीवर तीन ओळी लिहाव्यात : 'कट नको, कॉपी करा. इजेक्ट करून मगच काढा. अनोळखी पेनड्राइव्ह लावू नका.' रोहित पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतील. त्यांच्या नोंदी या वेळी बारामतीपर्यंत सुखरूप पोचाव्यात, एवढीच इच्छा.