बडोदे पाहावे कसे?

आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी सहली निघतात. सहलीला ‘शैक्षणिक’ हे विशेषण जोडले की पालकांची संमती आणि प्राचार्यांची सही दोन्ही लवकर मिळतात. पण चार दिवसांत नऊ ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटे आणि उरलेला वेळ गाडीत अंताक्षरी, यात शिक्षण नेमके कोठे बसते हे मला उमगलेले नाही. गुजरातच्या सहलीत बडोद्याच्या वाट्याला तर अर्धा दिवसही येत नाही. २०१८ साली केवडियाला सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिल्यापासून बडोदे हे पुष्कळांच्या लेखी गाडी बदलण्याचे ठिकाण झाले आहे. लक्ष्मीविलास राजवाड्यापुढे एक फोटो, वाटेत भाकरवडीचे पुडे, की झाले बडोदे पाहून! माझे म्हणणे असे की या शहराला दोन दिवस द्यावेत आणि शक्य तितके पायी हिंडावे.

पायी हिंडण्यासारखेच ते आहे. स्टेशनाबाहेर पडले की जवळच विद्यापीठाच्या कलाशाखेचा घुमट दिसतो. आपल्याकडच्या माणसाला विजापूरचा गोल घुमट आठवल्यावाचून राहत नाही. तेथून चालत काळ्या घोड्यापर्यंत, म्हणजे सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्यापर्यंत जावे आणि सयाजीबागेत शिरावे. ही बाग १८७९ ची. तिच्यातल्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे, निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. जवळच कीर्तिमंदिर, त्याच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी काढलेली चित्रे निवांत बसून पाहावीत अशी आहेत. मग रिक्षाने न्यायमंदिर गाठावे आणि लहेरीपुरा दरवाजातून मांडवीपर्यंत पुन्हा पायीच जावे. मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याच्या लोखंडी कपाटांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, कारण वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचला पाहिजे! भूक लागली तर शेव-उसळ खावी. गुजरातेत ‘उसळ’ हा शब्द ऐकून मराठी माणसाला बरे वाटते. राजवाडा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावा आणि त्याच्या आवारातील संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांपुढे घाई करू नये.

हे सारे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. हे शहर पाहुण्यांनी घडवले आहे. खुद्द सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक होऊन ते गादीवर आले तेव्हा बारा वर्षांचे होते. राजवाड्याचे काम मँट या इंग्रजाने सुरू केले आणि चिझम या दुसऱ्याने पुरे केले. ग्रंथालयांची व्यवस्था लावायला १९१० मध्ये बोर्डेन हा अमेरिकन आला. १८८६ साली गायनशाळा चालू करणारे मौलाबक्ष हे उत्तरेकडचे, पण म्हैसूरला राहून कर्नाटक संगीत शिकलेले. अरविंद घोष १८९३ मध्ये इंग्लंडहून थेट येथे नोकरीस आले. दादासाहेब फाळके येथल्या कलाभवनात शिकले. आलेल्या गुणी माणसाला जागा द्यायची, ही या संस्थानाची रीतच होती.

आणि तरीही एका पाहुण्याला या शहरात जागा मिळाली नाही. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेस गेलेले भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीसाठी आले. हिंदू खानावळीत प्रवेश नाही, म्हणून पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. एका मित्राने नोकरांची अडचण सांगितली, दुसऱ्याने पत्नीची. कोलंबियात शिकून आलेला हा विद्वान सार्वजनिक बागेत येऊन बसला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला. ती बाग म्हणजेच आजची सयाजीबाग. तिथल्या त्या जागेला आज ‘संकल्पभूमी’ म्हणतात.

कोणी म्हणेल, सहल मौजेसाठी असते. तेथे ही दुःखाची गोष्ट कशाला? मला वाटते, ही गोष्ट वगळली तर बडोदे पाहिलेच नाही असे होईल. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा राजा, गावोगाव ग्रंथालये काढणारा राजा. पण त्याच्या हुकमाने धर्मशाळेची खोली उघडली नाही. कायदा राजाला करता येतो, दार मात्र घरमालकालाच उघडावे लागते. हा धडा राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये मिळत नाही, तो बागेतल्या झाडाखाली मिळतो. सयाजीरावांचा मोठेपणा त्याने कमी होत नाही. उलट त्यांना केवढ्या भिंतीशी टक्कर द्यायची होती हे कळते.

म्हणून सहलप्रमुखांना माझी विनंती आहे की बडोद्याची सुरुवात राजवाड्यापासून न करता सयाजीबागेपासून करावी. निघण्यापूर्वी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली ती आठवण वर्गात एकदा वाचावी. आणि विद्यार्थी मित्रहो, परतल्यावर आपल्या गावाकडेही पाहावे. परगावाहून शिकायला आलेला मुलगा खोली शोधत दारोदार फिरतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? आडनाव कोणते, घरी बोलता काय, खाता काय? तो प्रश्न विचारणारे घर कदाचित आपलेच असेल. शहर पाहून आलेल्या माणसाने निदान आपल्या घरापुरता तो प्रश्न बंद करावा. मग त्या सहलीला खुशाल ‘शैक्षणिक’ म्हणावे.